सामाईक

“आशी येऊ ऱ्हायली तुझ्याकडं. तिला सांग, होत नाय म्हणून.” एवढंच बोलून आईनं फोन कट केला.

सत्यशीलाला आश्चर्य वाटलं ते त्या कट होण्याचं. म्हाळसाबाईला फोन बंद करता येत नसे. बोलणं संपलं की ती तो तसाच कमरेला खोचायची, आणि मग इकडं शहरात, सिडकोतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात, डबा उघडता उघडता, सत्यशीलाच्या कानात वस्ती चालू राहायची. कोंबडीची कुरकुर, लुगड्याची खसखस, वारा, कुणाला तरी लांबून घातलेली शिवी. कधी कधी ती मुद्दाम तोडायची नाही. भाकरीचा घास घेत ऐकत बसायची, जसं कुणी रेडिओ ऐकावा. तोडायचं काम कायम हिचंच. आज आईनं स्वतः तोडला, आणि तोही काय सांगून, तर होत नाही म्हण. सगळ्या आयुष्यात जिनं लेकीकडं कधी काही मागितलं नाही, फोनसुद्धा हिनंच दिवाळीला नेऊन दिलेला, मोठ्या बटणांचा, म्हाताऱ्या माणसांसाठी असतो तसला, त्या बाईनं पहिल्यांदा काही मागितलं आणि ते हे. कूलरमध्ये पाणी टाकायला ऑफिसात मनाई होती म्हणून तो नुसताच गरम वारा फेकत होता. सत्यशीलाच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्या वाऱ्यानं टेबलभर झाली.

काय होत नाही, हे तिला विचारावं लागलं नाही. करमाडच्या पुढं, जालना रोड सोडून आत, जिथं पूर्वी मेंढरं बसायची तिथं आता कंपन्यांसाठी रस्ते पाडलेत. रस्त्यांवर दिव्यांचे खांब, खांबांखाली कुणी नाही. त्या रस्त्यांच्या पलीकडं उंचवट्यावर सात घरांची वस्ती. माणसं मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला गेलेली, सत्यशीलाचा भाऊ कडुबा त्यांच्यातच. वस्तीवर बाया, म्हातारी, कोंबड्या. माणसं जाताना मोबाईल सोबत नेतात. वाटेत शेतात मेंढरं बसवायची तर कुणाला तरी फोन करावाच लागतो. मागं राहतो एकच, म्हाळसाबाईचा. कुणाचाही नवरा, कुणाचाही भाऊ याच नंबरावर फोन करतो, आणि म्हाळसाबाई दारात उभी राहून हाक मारते, अगं ए, तुझ्या कारभाऱ्याचा हाय. हे सत्यशीलाला माहीत होतं. इतकं माहीत होतं की ते कधी आठवावं लागलं नव्हतं. यंदा एका संस्थेनं त्या बाजूच्या वस्त्यांना टँकर लावला. त्याच्या नोंदीचं ॲप्लिकेशन करायचं काम हिच्याच ऑफिसकडं आलं. ज्या घराची नोंद त्या घराला सकाळी मोबाईलवर एक टोकन नंबर, तो नंबर टँकरवाल्याला सांगायचा, एक ड्रम भरून घ्यायचा. संस्थेची पोरगी टॅब घेऊन वस्तीवर गेली. पहिलं घर म्हाळसाबाईचं, नंबर घातला, हिरवं झालं. दुसऱ्या घरानं तोच नंबर सांगितला. टॅबवर लाल पट्टी आली. ‘हा मोबाईल क्रमांक आधीच नोंदलेला आहे. एका कुटुंबास एकच नोंद.’ तिसऱ्यानं तोच सांगितला. पोरीनं लाल पट्टीवर विश्वास ठेवला. सगळ्यांचं आडनाव एक, नंबर एक, म्हणजे घर एक. सात घरांना एक ड्रम. तो म्हाळसाबाईच्या नावावर.

ती लाल पट्टी सत्यशीलाची होती. अक्षर न् अक्षर. गेल्या महिन्यात तिनं ते आईच्याच तोंडून फोनवर ऐकलं होतं, “तुझ्या मशीननं आमाला सगळ्यांना एकाच चुलीवर आणलंय गं,” आणि आई हसली होती. सत्यशीलाही हसली होती. बघते म्हणाली होती. मग दुसरं काम आलं.

या ऑफिसात ती आली तेव्हा नुसती आकडे टाकायला आली होती. मग पलीकडच्या टेबलावरची पोरं काय करतात ते चहा देता-घेता बघितलं, घरी येऊन आवाज बंद करून व्हिडिओ बघितले, इंग्रजी कळत नसे पण बोट कुठं जातंय ते कळत असे. इथं प्रोग्रॅम लिहायचा नसतो, जुळवायचा असतो. खाली माहितीचे कप्पे, वर पानं, आणि त्या पानांना लागणारं सगळं एका जागी ठेवायची सोय. त्या जागेला शेअर्ड कंपोनंट्स म्हणतात. ती सामाईक म्हणायची. वरचा मेन्यू, लॉगिनची चौकट, तालुक्यांच्या याद्या, चुकलं की येणारी वाक्यं, कुणाला काय दिसावं न दिसावं याचे नियम. एकदा तिथं करून ठेवायचं आणि नव्या नव्या ॲप्लिकेशननं ते तिथून घ्यायचं. घेतलेलं मुळाशी जोडलेलं राहतं. मुळात टिंब बदललं तर दवाखान्याच्या, शाळेच्या, सोसायटीच्या, सगळ्या पानांवर ते टिंब बदलतं. एकत्र कुटुंबासारखं, तिला वाटायचं, फक्त इथं थोरल्या जावेचं ऐकतात. ही तिथली थोरली जाऊ होती. नवरा सोडून आलेली, भाड्याच्या खोलीतून बीड बायपासच्या पलीकडं एका खोलीच्या फ्लॅटवर पोचलेली बाई, आणि तिच्या एका टिचकीनं तीस ठिकाणी मेन्यूचा रंग बदलायचा. हे सुख कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. आईला एकदा सांगून बघितलं होतं. आई म्हणाली, “म्हंजी एकाच ठिकाणी मीठ टाकलं की साऱ्यांच्या कालवणात?” व्हय, तसंच.

आणि तो नियम. तो तिनं रागात केला होता. शहर बायपास ओलांडून डोंगराकडं सरकलं, नळाच्या आधी घरं पोचली, आणि मोठ्या मोठ्या सोसायट्यांनी टँकरच्या पाळीसाठी यांच्याकडून ॲप्लिकेशन करून घेतलं. तिथं एक बाई, तिसऱ्या मजल्यावरची, गॅलरीत झाडं असलेली, एकदा नवऱ्याच्या नावानं, एकदा स्वतःच्या, एकदा सासऱ्याच्या नावानं नोंद करायची. नंबर तोच. पाळ्या तीन. सत्यशीला त्याच सोसायटीत खालच्या मजल्यावर होती. तिच्या बादल्या रिकाम्या आणि वर झाडांना पाणी, त्याचे थेंब हिच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. त्या थेंबांचं तिला अजूनही आठवतं, ते किती गार होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन तिनं नियम बांधला. एक नंबर, एक घर. वाक्य लिहिताना तिनं तीन वेळा खोडलं, आधी सभ्य होतं, मग कडक झालं, मग सभ्य आणि कडक दोन्ही. मग तो नियम नुसता त्या सोसायटीपुरता न ठेवता तिनं सामाईकात टाकला. सगळीकडं चोर असतात. बाईला लाल पट्टी दिसली तेव्हा ती जिन्यात ओरडत होती, आणि सत्यशीला दाराआड उभी राहून ऐकत होती, मांजरासारखी, पोट भरल्यासारखी. संस्थेचं काम आलं तेव्हा सामाईकातलं सगळं एकदमच उचललं. नियम त्याच्यासोबत गेला, गाठोड्यात विंचू जावा तसा. त्यात वस्ती सापडेल हे तिच्या ध्यानात आलं नाही. जी वस्ती एका नंबरावर जगते तिथंच वाढलेल्या बाईच्या ध्यानात आलं नाही. पण आता आलं होतं ना. एक महिना झाला येऊन.

आई मात्र वेगळंच बोलत होती. मधल्या एका फोनमध्ये, तो न तुटलेला होता तेव्हा, सत्यशीलानं ऐकलं होतं. आईचा आवाज, लांबून, कुणाला तरी: “बस. आधी तिचं होऊ दे.” मग पाण्यात तांब्या बुडाल्याचा आवाज. मग, “भरला का? व्हय बाजूला.” ड्रमला आईनं कुलूप घातलं होतं. किल्ली गळ्यात, डोरल्याच्या काळ्या दोऱ्याला, जो ती विधवा झाल्यावरही काढायची विसरली होती किंवा विसरल्याचं सांगायची. सहा घरच्या बाया हंडे घेऊन तिच्या दारात बसत आणि ती मापानं देई. सगळ्यांना सारखं नाही. कुणाला आधी, कुणाला मग. कुणाला विचारून, ‘तुझी सासू काय म्हणत व्हती मला?’ सत्यशीलाला तो आवाज ओळखू आला नव्हता. तिच्या आठवणीतली आई रांगेच्या शेवटी उभी असायची.

मागच्या दुष्काळात, सहा-सात वर्षं झाली असतील, वस्तीवर एकच बोअर होता, त्रिंबकचा. त्रिंबकची बायको आशाबाई, आई जिला आशी म्हणे ती, मोटार चालू-बंद करायची. सत्यशीला नवरा सोडून आलेली आणि वर शहरात एकटी राहणारी, त्यामुळं म्हाळसाबाई सगळ्यात मागं. हे कुणी ठरवलं नव्हतं, नुसतं होत होतं. हंडा पुढं सरकला की कुणी तरी म्हणे, ‘म्हाळसाबाईला काय घाई, तिची लेक बाटलीतलं पाणी पिती शहरात.’ आणि एकदा आईचा नंबर आला तेव्हा आशाबाईनं बटण दाबून मोटार बंद केली. “लाईट गेली, आत्याबाई.” पेटीवरचा तांबडा दिवा चालू होता. आईनं तो दिवा बघितला. आशाबाईनं आईला दिवा बघताना बघितलं. आई रिकामा हंडा घेऊन आली, आणि हे तिनं सत्यशीलाला सांगितलं तेव्हा दिव्याचा रंगही सांगितला, जणू नवीन लुगड्याचा सांगावा. पुढच्याच वर्षी बोअर आटला. आता त्याच्या तोंडावर दगड ठेवलाय.

पण आशाबाई म्हणजे तेवढीच नव्हती, हा सत्यशीलाचा घोटाळा होता. आशावैनी लग्न होऊन आली तेव्हा सत्यशीला शाळेला करमाडपर्यंत चालत जायची, अनवाणी. उन्हाळ्यात डांबर पायाला चिकटायचं. नव्या नवरीच्या चपला होत्या, लाल पट्ट्यांच्या, माहेरच्या. आशावैनी त्या सकाळी दाराबाहेर काढून ठेवायची आणि आत जायची. बोलायची नाही. सासूनं विचारलं तर म्हणायची, कुत्र्यानं नेल्या असतील. संध्याकाळी कुत्रं परत आणून ठेवायचं. त्या चपलांच्या आत आशावैनीच्या पायाचा खळगा पडला होता, आणि सत्यशीलाचं लहान पाऊल त्या खळग्यात बसून शाळेत जायचं. माणसानं एकच काही तरी असावं, वाईट तर वाईट. मग नियम बांधता येतो.

आशाबाई आली ती दुपारी. जिन्यात दम घेत बसली होती, वर आली नाही. सत्यशीलाच खाली गेली. आशाबाई वाळली होती, गालांत खड्डे, पण कुंकू तेवढंच मोठं.

“वन्सं, कुठं कुठं चढून बसल्या गं बाई. आमाला वाटलं खाली आसंल दुकान.”

“दुकान नाही वैनी. ऑफिस आहे.”

“तेच ते. देणं-घेणं हाय ना?” आशाबाई हसली. मग हसणं तसंच चेहऱ्यावर ठेवून म्हणाली, “आदी मोरी कुठंय ते सांग.”

सत्यशीलानं तिला वर नेऊन ऑफिसचं बाथरूम दाखवलं. दार लागलं. नळाचा आवाज आला. तो थांबेना. आधी धार बादलीत, मग अंगावर, मग नुसती. सत्यशीला आपल्या टेबलापाशी उभी राहिली, हातात माऊस धरून, काहीच न करता. त्या आवाजात एवढं काय होतं कुणास ठाऊक, तिला तिच्याच मानेवरून पाणी ओघळल्यासारखं झालं. आतल्या केबिनमधून सुदर्शन बाहेर आला. हा मालक, तिच्याहून दहा वर्षांनी लहान, तिला मॅडम म्हणायचा आणि खरोखर मान द्यायचा.

“मॅडम, नळ कुणी चालू ठेवलाय? टाकी परवापर्यंत पुरवायचीय.”

“बघते.”

“कुणी आलंय का? तुमच्या गावाकडचं?”

“नाही,” सत्यशीला म्हणाली. “कुणी नाही. कुरिअरवाली असेल.”

असं उत्तर कुठून आलं तिला कळलं नाही. कुरिअरवाली बाई तिनं जन्मात बघितली नव्हती. सुदर्शननं मान डोलावली. तिनं लगेच, जणू तेच विचारायला उभी होती, संस्थेच्या नियमाचं काढलं. एका नंबरावर अनेक घरं असू शकतात खेड्यात, तिथं हा नियम काढायला पाहिजे. सुदर्शन म्हणाला, “तुमचाच नियम आहे. तुम्हाला योग्य वाटतं ते करा. मुळातला बदलू नका फक्त, सोसायट्यावाले मला खातील. त्या एका ॲप्लिकेशनची जोड तोडा.” आणि केबिनमध्ये गेला. म्हणजे अडवणारं कुणीच नव्हतं. तिला वाटलं होतं कुणी तरी अडवेल.

आशाबाई बाहेर आली तेव्हा कोपरापर्यंत ओली होती, केसांच्या कडेनं पाणी, आणि चेहरा एखाद्या पोरीचा. जिन्यात परत बसली. सत्यशीलानं खालून चहा मागवला.

“आत्याबाईचं काय सांगू,” आशाबाई म्हणाली. “वाईट नाय म्हणत मी. पर तासन् तास बसवून ठिवतात. सून माझी भरल्या दिवसात हाय. तिला म्हनल्या, तू उभी ऱ्हा, बसली की उठता येत नाय तुला. मी म्हनलं, मी घेऊन जाते हंडा, तर म्हनल्या, ज्याचं त्यानं यावं.”

“आई अशी बोलली?”

“माझ्या तोंडानं कायला बोलू मी. तुझी आई हाय.” आशाबाईनं चहा बशीत ओतला. “आमाला आमचा आमचा ड्रम मिळू दे. मग त्यांचा त्यांनी उरावर घिऊन झोपावं.”

“ते मशीनवर आहे वैनी. बघावं लागेल.”

“मशीनवर तू हायस ना पर?”

सत्यशीलानं बशीतल्या चहाकडं बघितलं. आईचं वाक्य जिभेवर तयार होतं, होत नाय. दोन शब्द. आईनं एवढ्या वर्षांत मागितलेले दोन शब्द. आशाबाईची पावलं पायरीवर होती, प्लास्टिकच्या चपलांत, टाचा फुटलेल्या, आणि त्या पावलांकडं तिला बघवेना. “करते,” ती म्हणाली.

आशाबाई गेल्यावर तिनं ते केलं. चहाचा पेला थंड व्हायच्या आत झालं. संस्थेच्या ॲप्लिकेशनमध्ये तो नियम मुळापासून सोडवायचा, त्याची तिथल्यापुरती वेगळी प्रत करायची, आणि मग ती प्रत बंद. करताना मशीननं विचारलं, खात्री आहे का? हेही वाक्य तिचंच, तिनंच कधी तरी मराठीत करून सामाईकात टाकलेलं. ते तिला जरा चोंबडं वाटलं. तिनं होय म्हटलं. मग संस्थेच्या पोरीला फोन करून वस्तीवर पुन्हा जायला सांगितलं, सातही घरं नोंदवायला, रविवारपासून टोकन. नंतर बराच वेळ ती खुर्चीत ताठ बसून राहिली. काही चांगलं केल्यावर वाटतं तसं वाटत होतं. छातीत जागा झाली होती. त्या जागेत तिनं आईला बसवून बघितलं. आई बसेना.

आईचा फोन आला नाही. हिनं केला तर वाजत राहिला. दुसऱ्या दिवशीही वाजत राहिला. तिला दिसत होतं, कमरेला खोचलेला फोन, पोटाशी थरथरणारा, आणि आई तो थरथरू देतेय. लहानपणी ती रडून रडून दमायची तेव्हा आई असंच करायची, मारत नसे, जवळ घेत नसे, आपलं काम करत राही, पोर आपोआप गप्प होईपर्यंत. सत्यशीलाला वाटलं, मी काही वाईट केलं नाही. मग वाटलं, तिचं काय उरलं आता. एक कुलूप होतं. सात ड्रम आले की त्या कुलपाला कोण विचारतंय. बाया आता दारात बसणार नाहीत, ‘आत्याबाई’ म्हणणार नाहीत, पुन्हा तीच म्हातारी, लेकीनं फोन दिलेली. हा विचार कळवळ्याचा होता आणि त्यात एक बारीक खुशी होती, आणि ती खुशी कुठून आली ते बघायला ती थांबली नाही. सोसायटीत पाणी येण्याचा दिवस होता, नळाखाली बादल्या लावायच्या होत्या.

रविवारी ती जालना रोडच्या बसनं गेली. करमाडला उतरून रिक्षा, मग पायी. ऊन डोक्यात खिळ्यासारखं. नव्या रिकाम्या रस्त्यांवर पांढरे पट्टे इतके स्वच्छ होते की त्यावर पाय द्यायला तिला संकोच वाटला. वस्तीच्या खाली टँकर येऊन उभा होता आणि त्याच्यापुढं ड्रम, निळे, ओळीनं, प्रत्येकाला ओळखीची चिंधी. बाया आपापल्या ड्रमपाशी. आशाबाई पाचवी की सहावी होती, तिनं सत्यशीलाला बघून पदर सावरला आणि दुसऱ्या बाईला कोपर मारलं, आली बघ. आशाबाईची सून दारात उभी होती, पोटावर हात ठेवून. म्हाळसाबाई सगळ्यांपासून बाजूला, धोंड्यावर बसलेली, फोन मुठीत.

“आलीस,” ती म्हणाली. रागावलेली नव्हती. त्यानं सत्यशीलाला जास्त धास्ती वाटली.

टँकरवाला पाईप खांद्यावर टाकून उभा होता. “नंबर बोला पटापट. मला अजून दोन वस्त्या हायेत.”

बायांनी म्हाळसाबाईकडं बघितलं. आणि तेव्हा, त्या उन्हात, सत्यशीलाच्या लक्षात आलं. नियम काढला होता, नंबर तोच होता. सातही टोकनं आली होती, पहाटेच आली होती, एकाच फोनवर. त्या मुठीत. तिनं आईचं कुलूप काढून आईला सहा किल्ल्या नेऊन दिल्या होत्या.

“सात सात मेसेज मी वाचत बसू का मावशे?” टँकरवाला म्हणाला. “शिकलेलं कुणी हाय का?”

“ही हाय की,” म्हाळसाबाई म्हणाली. “हिनंच बनिवलंय समदं.” आणि फोन लेकीच्या हातात दिला. तो गरम होता, घामानं चिकट. सत्यशीला वाकली तेव्हा आईनं तिच्या कानाशी, ओठ न हलवता, जसं देवळात कुणी बोलावं, म्हटलं, “आशीचा वाचू नको.”

“आई.”

“आजच्याला. एकदाच. मला बघू दे.”

“तिची सून…”

“तवा मलाबी व्हती लेक,” म्हाळसाबाई म्हणाली, आणि समोर बघायला लागली.

सत्यशीलानं मेसेज उघडले. ओळीनं होते, टोकनचा आकडा आणि पुढं घराचं नाव. संस्थेचं छान वाक्य खाली, पाणी जपून वापरा. पहिला आईचा. तिनं आकडा वाचला, टँकरवाल्यानं आपल्या मोबाईलवर टाकला, हिरवं झालं, पाईप ड्रममध्ये गेला, भरल्यावर आई त्याला कुलूप घालून परत धोंड्यावर येऊन बसली. दुसरा वाचला. पाण्याचा आवाज बदलत गेला, आधी पोकळ, मग भरत भरत वर येणारा, बाया तो आवाज मान तिरकी करून ऐकत होत्या. तिसरा आशाबाईचा होता. तो वाचू, तिला वाटलं, पण आधी बाकीचे होऊ देत, शेवटी वाचू, म्हणजे आईला वाटेल नाही वाचला आणि मग वाचला असं होईल, दोघींचंही राहील. तिनं अंगठ्यानं बटण दाबून तो वर सरकवला. चौथा वाचला. पाचवा. आईकडं बघितलं नाही. आईचा श्वास तिला ऐकू येत होता, छोटा, रोखलेला, खेळात लपलेल्या पोरीचा असतो तसा. सहावा. सातवा. टँकरवाल्यानं पाईप झटकला. भरलेल्या ड्रमांवर बाया झाकणं ओढून बसवत होत्या, आशाबाईनं आपल्याचं झाकण काढून हातात धरलं होतं.

“झाले का?”

आता. सत्यशीलाच्या डोळ्यांसमोर तो आकडा होता, काळ्या मोठ्या अक्षरांत, म्हाताऱ्या माणसांना दिसावा असा.

“झाले,” ती म्हणाली.

“माझा?” आशाबाई पुढं आली. “वन्सं, माझा ऱ्हायला.”

“नाही आला वैनी अजून.”

“नीट बघ की.”

“बघितलं. रेंज नसेल. येईल.”

टँकरवाला पाईप गुंडाळायला लागला होता. “न आलेल्यांचं मी काय करू? उद्या द्या.” आशाबाई त्याच्याकडं वळली नाही. ती सत्यशीलाकडं बघत होती, सरळ, आणि तिच्या तोंडावर राग यायची सत्यशीला वाट बघत राहिली.

“तू केलं व्हतं ना पर मशीनवर?” आशाबाईनं विचारलं.

“केलं होतं.”

“मग मशीनचंच काय तरी आसंल,” आशाबाई म्हणाली. तिनं झाकण परत बसवलं, ड्रम आडवा केला, आणि पायानं ढकलत घराकडं नेला. रिकामा ड्रम दगडांवरून जाताना मोठा आवाज करत होता. दारातली सून बाजूला झाली आणि ड्रम आत गेला.

टँकर धूळ उडवत खाली उतरला. म्हाळसाबाई उठली, गुडघ्यांवर हात टेकत. गळ्यातली किल्ली काढून तिनं आपल्या ड्रमचं कुलूप उघडलं, तांब्या बुडवला आणि काठोकाठ भरून लेकीपुढं धरला.

“पी. उनातून आलीस.”

पाण्याला टँकरचा, डिझेलचा वास होता. सत्यशीलानं तांब्या तोंडाला लावला आणि न थांबता रिकामा केला. घशाखाली उतरताना ते इतकं गार लागलं की तिनं तांब्या परत आईपुढं केला.

“आणखी दे,” ती म्हणाली.